उत्तर पाच दिवसांनी

तडतड्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण ते त्याला असं चिकटलं होतं की खरं नाव फक्त वीजबिलावर उरलं होतं. समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबणं त्याला जन्मात जमलं नाही. प्रश्न अर्धा बाहेर पडतोय तोवर याचं उत्तर हजर, आणि तेही बहुधा दुसऱ्याच प्रश्नाचं. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांची तावदानं, आरसे, फोटोंच्या चौकटी. दुकानावरच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची थोरली बहीण राहायची. बायको दोन वर्षांपूर्वी दारात उभी राहून "मी जाते" म्हणाली आणि हा चहाच्या कपातून मान वर न काढता "जा" म्हणाला. ती खरंच गेली. अर्धा क्षण थांबला असता तर तोंडातून वेगळं काही निघालं असतं, हे त्याला नंतर कळलं, पण ते वरातीमागून घोडं. त्याच रागात यंदा एका दुपारी त्याने दुकानातल्या आरशाला ठोसा मारला आणि उजव्या हाताला नऊ टाके घालून घेतले.

त्याची बहीण, म्हणजे ताई, एका मोठ्या दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर मेंदूच्या लहरी नोंदवायच्या खोलीत काम करायची. येणाऱ्याच्या डोक्यावर जाळीदार टोपी चढवायची, टोपीच्या एकेका भोकातून थंडगार जेल सोडायचं, तारा जोडायच्या आणि पडद्यावर रेघा नीट उमटतायत ना ते बघायचं. वीस वर्षं हेच. आईवडील लवकर गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि तो बारा. तिचं लग्नाचं वय याला वाढवण्यात गेलं. पुढे कुणी विचारलं तर ती हसून म्हणायची, "आमच्याकडे एक मूल आहे, बेचाळीस वर्षांचं."

टाके निघाले त्याच महिन्यात दवाखान्यातल्या साहेबांनी एक अभ्यास काढला. सावकाश, लक्ष देऊन केलेल्या हालचालींचा बारा आठवड्यांचा वर्ग. त्याने माणसाच्या विचारात आणि मेंदूच्या लहरींत काय फरक पडतो ते बघायचं. तीस माणसं हवी होती. कर्मचाऱ्यांचे नातेवाईक चालणार नाहीत, असं अर्जावर ठळक छापलं होतं. ताईने भावाच्या अर्जात त्या रकान्यात "नाते नाही" असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. त्याला सतरा नंबर मिळाला.

वर्ग सकाळी सातला, एका बंद पडलेल्या छापखान्याच्या लांबलचक खोलीत भरायचा. शिकवणाऱ्या बाई साठीच्या, काटकुळ्या, आवाज अगदी एकसुरी. त्यांचं सगळं शिकवणं एका वाक्यात मावायचं. "हात उचलू नका. हात उचलावासा वाटतोय, ते आधी बघा. ते बघून झालं की मग उचला."

पहिल्या दिवशी तडतड्या घरी आला तो धुमसतच. "ताई, तासाभरात एक हात वर आणि एक हात खाली! एवढं जड काय होतं त्यात? हमाल लावायचा होता!"

पण दुसऱ्या आठवड्यात त्याने दरवाजा आपटणं सोडलं. तिसऱ्या आठवड्यात ताईचं एक लांबलचक वाक्य त्याने शेवटपर्यंत ऐकलं, तेव्हा ती बोलायची थांबून त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघू लागली. दुकानात काच वाया जाईना. काच कापायच्या हिरकणीने रेघ ओढताना त्याचा हात असा चालायचा की गिऱ्हाइकं बोलणं थांबवून बघत राहायची. आकडे उलटे म्हणायच्या परीक्षेत सतरा नंबर सगळ्यांच्या पुढे गेला. ताईला वाटलं, आपण खोटं लिहिलं ते बरंच झालं.

दर सोमवारी अकराला नोंद असायची. अंगठा बटणावर ठेवायचा आणि मनाला येईल तेव्हा दाबायचं, एवढंच काम. माणूस बटण दाबायच्या एक-दीड सेकंद आधी मेंदूत एक लहर हळूहळू चढायला लागते. ताई तिला तयारीची लहर म्हणायची. कुणाचीही लहर बघा, आधी तयारी, मग दाबणं. संगणक प्रत्येक दाबण्याच्या आधीचे तीन सेकंद तेवढे ठेवायचा आणि बाकीचं कापून टाकायचा.

चौथ्या सोमवारी तडतड्याच्या लहरीचं टोकच सापडेना. ती तीन सेकंदांच्याही आधी सुरू झाली होती. नियम साधा होता: सुरुवात सापडली नाही तर "अनियमित" असा शेरा मारायचा, साहेबांना कळवायचं आणि त्या माणसाला वर्गातून काढायचं. ताईने पडद्याकडे बघितलं, मग काचेपलीकडे शांत बसलेल्या भावाकडे. आयुष्यात पहिल्यांदा तो असा शांत बसला होता. तिने तीन सेकंदांच्या जागी सहा घातले. लहर पूर्ण दिसली. फॉर्मवर तिने "व्यवस्थित" लिहिलं. पाचव्या सोमवारी तिने सहाचे बारा केले, सहाव्या सोमवारी बाराचे चाळीस. वीस वर्षांच्या हाताला अशी सवय असते. नोंद बिघडली की माणसात नाही, यंत्रात दुरुस्ती करायची. दर वेळी शेरा तोच.

आठव्या सोमवारी त्याने बटण दाबलंच नाही. वीस मिनिटं अंगठा बटणावर होता, लहरी एकामागून एक चढल्या, मोजून तेवीस, पण अंगठा जागचा हलला नाही. कापायला दाबणंच नव्हतं, म्हणून तिने अख्खी नोंद राखून ठेवली.

"काय रे तड्या, दाबायचं विसरलास?" तिने टोपी काढताना विचारलं. तो कपाळावरचं जेल पुसत उठून निघाला.

संध्याकाळी दोघं जेवायला बसली होती. तडतड्याचा उजवा अंगठा टेबलाच्या कडेवर एकदा दाबला गेला. मग थोड्या वेळाने पुन्हा. तो डाव्या हाताने भाजी ओढत होता, त्याचं अंगठ्याकडे लक्षही नव्हतं. ताईचा घास तोंडातच राहिला. कामाच्या सवयीने तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मधले सेकंद लिहून घेतले. अंगठा तेवीस वेळा दाबला गेला आणि मग गप्प पडला.

दुसऱ्या दिवशी तिने तो कागद सोमवारच्या नोंदीशी लावून बघितला. लहरींमधली अंतरं आणि टेबलावरच्या दाबण्यांमधली अंतरं सेकंदाला सेकंद जुळत होती. आणि त्याच वेळी तिला आठवलं की काल जेवून हात धुताना तो मध्येच थांबून म्हणाला होता, "विसरलो नाही गं, दाबतोच आहे."

तेव्हापासून तिने एक वही ठेवली. एका बाजूला आपण काय विचारलं आणि कधी, दुसऱ्या बाजूला उत्तर कधी आलं. सुरुवातीला त्यात गंमत होती, खोटं कशाला बोला. "चहा टाकू का?"चं "टाक" दुसऱ्या दिवशी, नेमकं ती "मेलं ते उंदराचं पिल्लू कुठे टाकू?" म्हणत असताना यायचं. पण अंतर वाढत होतं. एक दिवसाचे दोन झाले, मग साडेतीन. अकराव्या आठवड्यात वहीप्रमाणे ते बरोबर पाच दिवस झालं.

सवयीची कामं शरीर आपलं आपण करायचं. चालणं, जेवणं, अंघोळ, चिठ्ठीवरचं माप बघून काच कापणं, सातला वर्गाला जाणं, यात काही फरक नव्हता. गिऱ्हाइकांना वाटायचं, माणूस अबोल झाला, बरं झालं. तो ऐकत लगेच होता, त्याला समजत लगेच होतं, ठरवतही लगेच होता. दर सोमवारी लहरी तसं सांगत होत्या. फक्त जे त्याने स्वतः ठरवलं ते हातापर्यंत आणि तोंडापर्यंत पोचायला पाच दिवस लागत होते. म्हणजे आत कुठेतरी तिचा भाऊ आजच्या दिवसात जागा होता आणि बाहेर वावरत होता तो मागच्या आठवड्यातला. ताईला त्याच्या डोळ्यांकडे बघवेना.

ती बाईंच्या घरी गेली. दार त्यांच्या लेकीने उघडलं. बाई ओट्याशी उभ्या राहून चहा ढवळत होत्या.

"आईला काही विचारू नका," लेक म्हणाली. "म्हणजे विचारा हवं तर. उत्तर देते ती, पण ते तुमचं नसतं."

"मग वर्ग कसा घेतात?"

"वर्ग काय, रोज तेच शब्द. तो ती झोपेतही घेईल."

ताई काही बोलणार इतक्यात बाईंचा चमचा थांबला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आधी गालावरून, मग हनुवटीवरून थेट कपात. मग त्या कण्हल्या आणि ओट्याची कड धरून हमसून हमसून रडू लागल्या. लेक जागची हलली नाही. तिने नुसतं भिंतीवरच्या तारखेकडे बघितलं.

"बाबा गेले तेव्हा ही रडली नव्हती," ती म्हणाली. "लोकांनी काय काय नावं ठेवली. काळीज नाही म्हणाले, दगड आहे म्हणाले. मीसुद्धा म्हणाले. ते रडू आज सकाळपासून सुरू झालंय. अकरा वर्षं लागली."

"वर्ग बंद केला तर हे थांबतं?" ताईने विचारलं.

"वाढायचं थांबत असावं. ती मागे आजारी पडून वर्ग महिनाभर बंद होता, तेव्हा अंतर होतं तेवढंच राहिलं. कमी मात्र झालं नाही. तेव्हाच मी दार अडवायला हवं होतं. माझ्या लग्नाच्या दिवशी तिला काय वाटलं, ते मला अजून कळायचंय."

त्या सोमवारी अकरा वाजता ताईने भावाच्या डोक्यावर टोपी चढवली, तारा जोडल्या आणि काचेपलीकडे जाऊन बसायच्या ऐवजी त्याच्यासमोर खुर्ची ओढली. पडदा तिने तिरका वळवून घेतला.

"तड्या, ऐक. मला चौथ्या आठवड्यातच दिसलं होतं. शेरा मारला असता तर तुला तेव्हाच काढलं असतं, तीन सेकंदांवर भागलं असतं. मी सहा केले, मग बारा केले. दर वेळी व्यवस्थित लिहीत गेले. तू शांत झालास ते मला आवडलं म्हणून. घरात भांडण नाही, आरडाओरडा नाही, मला बरं वाटत होतं रे. म्हणून तुझं हे असं होऊ दिलं." ती रडायला लागली. "उद्यापासून तिकडे जायचं नाही. आणि मला काय बोलायचं ते बोल, मारायचं तर मार."

पडद्यावर लहर चढली. चढत गेली, पडद्याच्या वरच्या कडेला लागली आणि दिसेनाशी झाली. वीस वर्षांत तिने एवढी लहर कुणाची बघितली नव्हती. आणि तडतड्या हसत होता, अगदी मनापासून, खांदे हलवत. मग तिला आठवलं, मागच्या बुधवारी तिला सुट्टी होती, आणि अकराच्या सुमारास तिने त्याला त्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली होती, ज्याने जरा बारीक दाखवणारा आरसा मागितला होता. हे हसू त्या गोष्टीचं होतं. आजच्या गोष्टीचं उत्तर शनिवारी अकराला येणार होतं.

ते काय असेल, हे लहरीवरून कळत नाही. लहर एवढंच सांगते की माणसाने काहीतरी करायचं ठरवलं आणि ते मोठं आहे. तोंडातला शब्द असो, मिठी असो की ठोसा असो, चढताना सगळं सारखंच दिसतं.

मंगळवारी सकाळी सव्वासहाला तडतड्याने चपला घातल्या. ताई दाराला पाठ लावून उभी राहिली. तो येऊन तिला भिडला आणि सावकाश पुढे रेटत राहिला, कुंपणाला अंग घासणाऱ्या गुरासारखा. डोळे निवांत होते. तासाभराने तो मागे वळून आतल्या जिन्याने दुकानात गेला. बुधवारी तेच. तिच्या खांद्याला कडीचा वळ उठला. बुधवारची सुट्टी असूनही दिवसभर तिचं कशात मन लागेना. शनिवारपर्यंत काय वाढून ठेवलंय याची भीती, रात्रीची झोप नाही, त्यात साहेबांचा निरोप आला की सतरा नंबरची सगळी नोंद आणून दाखवा. आगीतून फुफाट्यात. संध्याकाळी सातला ती पाण्याचा तांब्या घेऊन आली तेव्हा तडतड्या पुन्हा चपला घालून दाराशी उभा होता आणि कुलूप घातलेलं दार छातीने रेटत होता. दोन दिवस हुकलेली सवय आता वेळसुद्धा बघत नव्हती.

ताईचा तोल सुटला. तांब्या तिने जमिनीवर आपटला.

"पुरे झालं! आईबाप गेले तेव्हापासून तुझंच करतेय मी! माझं काय राहिलं? मर एकदाचा, म्हणजे मी तरी सुटेन!"

तो दार रेटत राहिला. चेहऱ्यावर त्याच्या काही नव्हतं. ती पाणी पुसून आत गेली, भांडी घासली, थोडं रडली. सकाळी उठली तेव्हा राग उतरला होता. रागात बोललेलं कोण धरून बसतं? शेजारच्या घराघरांतून आया मुलांना हेच म्हणतात आणि पाच मिनिटांत जेवायला वाढतात. गुरुवारी तो दाराशी आला नाही. अंतर पाच दिवसांवर थांबलं होतं, वही तसं सांगत होती. ताईला त्यातल्या त्यात हायसं वाटलं.

शनिवारी तिने दुकान उघडलं नाही. टेबलावरच्या काचा उचलून भिंतीशी उलट्या लावल्या, हिरकणी आणि कात्री कपाटात कुलपाखाली ठेवली. मग दोघांच्या खुर्च्या समोरासमोर ओढून ती बसली. अकरा वाजून चार मिनिटांनी तडतड्याच्या चेहऱ्याचा रंग बदलला. कपाळावरची शीर उठली. त्याचा उजवा हात वर आला, हळू नाही, पूर्वीसारखा झटकन. ताईने डोळे मिटले, पण ती जागची हलली नाही.

हात तिच्या डोक्यावर पडला. जड, गरम, काच कापून कापून खरखरीत झालेला. तो तिच्या केसांवरून फिरला.

"मला ठाऊक होतं गं," तडतड्या म्हणाला. आवाज त्याचाच होता, घाईघाईचा, एकात एक शब्द अडकवणारा. "चौथ्या आठवड्यातच. माझंच डोकं ना ते, मला नाही कळणार? मीच गेलो रोज, तू काय ढकलत नेलंस का मला? बायको 'जाते' म्हणाली तेव्हा विचार करायला वेळच घेतला नव्हता, म्हणून गेलो. मिळाला वेळ, जरा जास्तच मिळाला. तू कधी सांगतेस तेवढी वाट बघत होतो. सांगितलंस, झालं. रडू नकोस आता."

सोमवारी ती रडत होती म्हणून तो तसं म्हणाला होता. आज ती रडत नव्हती, पण ते ऐकलं आणि तिला आवरेना. पदराने तोंड झाकून तिने पोटभर रडून घेतलं. तीस वर्षांत त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवल्याचं तिला आठवत नव्हतं.

मग डोळे पुसून तिने वही उघडली. सोमवार अकराच्या नोंदीपुढे "आलं" असं लिहिलं. खाली पुढच्या ओळी होत्या, प्रत्येकीपुढे उत्तराची वेळ. सोमवारी दुपारी, "डोकं दुखतंय का?" मंगळवारी सकाळी, "जाऊ नकोस रे." बुधवारी सकाळी पुन्हा तेच. त्याखाली गुरुवार सुरू होत होता. बुधवारच्या संध्याकाळची नोंद तिने केलीच नव्हती.

पेन तिच्या हातातच राहिलं.

"तड्या," ती म्हणाली. "तड्या, बुधवारी मी जे बोलले ते खरं नव्हतं. रागात बोलले रे. देवाशपथ खरं नव्हतं. ऐकतोयस ना?"

तो ऐकत होता, हे तिला माहीत होतं. आत त्याने या क्षणी तिला माफही केलं असेल, नव्हे, केलंच असेल. पण बुधवारी संध्याकाळी सातला, ते शब्द कानावर पडले तेव्हा त्याने जे काही ठरवलं ते केव्हाच निघालं होतं, आणि आता त्याचं त्यालाही ते थांबवता येणार नव्हतं. थांब म्हणायचं त्याने आज ठरवलं तरी ते हाताला पोचायला गुरुवार उजाडणार होता. त्या संध्याकाळी त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती. लहर केवढी चढली होती, चढली होती की नव्हती, हे बघायला कुणी नव्हतं.

ताईने त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले आणि दुपार झाली तरी ती तशीच बसून राहिली. सोमवारी संध्याकाळी सात वाजता ती हे हात सोडणार नव्हती, एवढं तिने ठरवलं. तडतड्या तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होता, सोमवारी दुपारी दवाखान्यातून घरी येताना बघत होता तसा, आणि हळूच म्हणाला, "नाही गं, डोकं नाही दुखत."